हर्गेसाचे दवाखाने आणि दूर गेलेली माणसे

1981 सालची गोष्ट आहे. आफ्रिकेच्या ईशान्य टोकावर, एडनच्या आखातापलीकडे असलेल्या हर्गेसा शहरात काही तरुण डॉक्टर, शिक्षक आणि नोकरदार मंडळी एकत्र आली आणि त्यांनी शहरातले सरकारी रुग्णालय दुरुस्त करायला घेतले. व्यापाऱ्यांकडून वर्गणी गोळा केली, वॉर्ड धुऊन काढले, खाटा मिळवल्या. त्यांनी एक पत्रकही काढले. त्याचे नाव ‘उफ्फो’, म्हणजे वादळी पावसाच्या आधी सुटणारा वारा. रुग्णालयाची ही दशा का झाली, हा प्रश्नही त्यातून विचारला जाऊ लागला. सोमालियात तेव्हा सियाद बारे यांची लष्करी राजवट होती. सरकारने या मंडळींना पकडले. फेब्रुवारी 1982 मध्ये खटला उभा राहिला, तेव्हा हर्गेसातील शाळकरी मुले दगड घेऊन रस्त्यावर उतरली. सैनिकांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. आरोपींना दीर्घ मुदतीच्या शिक्षा झाल्या, काहींना जन्मठेप. रुग्णालयाचे संचालक डॉ. अदन अबोकोर आणि त्यांचे सहकारी मोहम्मद बरूद यांना दक्षिणेकडच्या एका तुरुंगात वेगवेगळ्या अंधारकोठड्यांत ठेवले होते. कैद्यांनी भिंतीवर टकटक करून अक्षरे कळवण्याची लिपी तयार केली. तुरुंगाधिकाऱ्याकडून मिळालेली टॉल्स्टॉयची ‘ॲना कॅरेनिना’ अबोकोरांनी त्या लिपीत शेजारच्या कोठडीतल्या बरूदना अक्षर-अक्षर करून ऐकवली. हे सगळे सुटले ते 1989 साली.

आज ‘सोमालीलँड’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या प्रदेशाच्या आरोग्यसेवेचा इतिहास सांगायचा, तर सुरुवात या घटनेपासून करावी लागते. पुढच्या चाळीस वर्षांत तिथले दवाखाने, सुईणींच्या शाळा आणि वैद्यकीय महाविद्यालये प्रामुख्याने परदेशी गेलेल्या सोमाली माणसांच्या पैशावर, शब्दावर आणि कौशल्यावर उभी राहिली. ‘परदेशस्थांनी देश सावरला’ असे त्याचे वर्णन सर्रास केले जाते. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. परदेशातून आलेला पैसा नक्की कुठे कामी आला आणि कुठे आला नाही, हे पाहिले तर वेगळे चित्र दिसते.

मुंबईच्या दप्तरातला मुलूख

या मुलखाचा आणि मुंबईचा जुना संबंध आहे. एडन बंदर 1839 पासून इंग्रजांच्या ताब्यात होते आणि 1932 पर्यंत ते मुंबई इलाख्याच्या कारभाराशी जोडलेले होते. समुद्रापलीकडच्या सोमाली किनाऱ्यावर 1880 च्या दशकात इंग्रजांचे संरक्षित राज्य आले, तेव्हा त्याचा कारभार एडनमार्फत हिंदुस्थान सरकारच पाहत असे. 1898 साली तो लंडनच्या परराष्ट्र खात्याकडे गेला. तरी चलन म्हणून तिथे आपला रुपया 1941 पर्यंत चालत होता. इंग्रजांना या कोरड्या, पशुपालकांच्या मुलखात एका गोष्टीतच खरा रस होता. एडनच्या छावणीला मांस लागे आणि ते इथल्या शेळ्यामेंढ्यांतून मिळे. शाळा आणि दवाखाने बांधण्याची निकड त्यांना वाटली नाही.

एडनला थांबणाऱ्या आगबोटींवर कोळसा टाकण्याचे काम सोमाली तरुण करू लागले आणि त्यांतले काही वेल्समधील कार्डिफसारख्या बंदरांत स्थिरावले. सोमाली स्थलांतराची ही पहिली फळी. दुसरी फळी 1970 च्या दशकात आखाती देशांत गेली, आपल्याकडून रत्नागिरीची आणि गोव्याची माणसे गेली त्याच सुमारास. हे कामगार घरी पैसे पाठवत, ते बहुधा व्यापाऱ्यांमार्फत. व्यापारी आखातात कामगाराकडून परकीय चलन घेई, त्यातून माल खरेदी करून मायदेशी आणून विकी, आणि विक्रीच्या पैशातून कामगाराच्या घरच्यांचे देणे भागवी. बुराओ गावच्या मोहम्मद सईद दुआले यांनी 1970 साली सुरू केलेला ‘दहाबशील’ हा व्यवसाय याच धंद्यातून वाढला आणि पुढे सोमाली जगातली सर्वांत मोठी पैसे पाठवणारी कंपनी झाला.

तिसरी फळी मात्र नाइलाजाने बाहेर पडली. बारे यांच्याविरुद्ध उभी राहिलेली ‘सोमाली नॅशनल मूव्हमेंट’ 1981 साली लंडनमध्ये जाहीर झाली, म्हणजे तीही परदेशस्थांचीच निर्मिती. 1988 च्या मे महिन्याअखेर तिच्या सैनिकांनी बुराओ आणि हर्गेसा यांवर चाल केली. सरकारने उत्तरादाखल आपल्याच शहरांवर बॉम्बफेक केली. विमाने हर्गेसाच्या विमानतळावरून उडत आणि हर्गेसावरच बॉम्ब टाकून परत तिथेच उतरत. शहर जवळजवळ भुईसपाट झाले. लाखो माणसे पायी इथिओपियाच्या हद्दीत गेली. तिथल्या छावण्यांतून पुढे लंडन, टोरांटो, मिनियापोलिस, हेलसिंकी अशी त्यांची पांगापांग झाली.

मान्यता नसलेल्या देशाची मनीऑर्डर

बारे यांची राजवट कोसळल्यावर 18 मे 1991 रोजी या उत्तरेकडच्या प्रदेशाने सोमालियापासून स्वतंत्र झाल्याचे जाहीर केले. त्यानंतरची तीन दशके जगातल्या देशांनी त्याला मान्यता दिली नाही. देशाला मान्यता नसेल तर जागतिक बँकेचे कर्ज मिळत नाही, परदेशी सरकारांशी थेट करार होत नाहीत. शेजारच्या देशाला रुग्णालय बांधायला जो पैसा सहज मिळतो, त्याचे दार इथे बंद. त्यामुळे उद्ध्वस्त शहर पुन्हा उभारायचे तर लोकांची वर्गणी आणि परदेशातून येणारा पैसा, एवढीच साधने हाती उरली.

हा पैसा कसा चालतो हे कोकणातल्या वाचकाला समजावून सांगायला नको. चाकरमान्याच्या मनीऑर्डरवर चूल पेटणारी गावे आपण पाहिली आहेत. 2013 च्या सुमारास सगळ्या सोमाली प्रदेशांत मिळून वर्षाला एक अब्ज डॉलरहून अधिक रक्कम अशी येत असल्याचा अंदाज होता. त्यातून धान्य आले, मुलांच्या फिया भरल्या गेल्या, घरे बांधली गेली. आजारपण आले की परदेशी फोन जाई आणि औषधाचे किंवा शस्त्रक्रियेचे पैसे येत. घरात परदेशी कमावणारा माणूस असणे, हाच तिथला आरोग्य विमा झाला.

पण या विम्याच्या दोन मर्यादा होत्या. पहिली उघड आहे. ज्याचे कोणी परदेशी नाही, त्याला तो नाही. जनावरे घेऊन फिरणाऱ्या पशुपालकाची बायको बाळंतपणात अडली तर तिच्यासाठी कोणाला फोन करायचा? दुसरी मर्यादा लवकर लक्षात येत नाही. पाठवलेला पैसा उपचार विकत घेऊ शकतो, उपचार करणारा माणूस तयार करू शकत नाही. हर्गेसात औषधाची दुकाने भराभर उघडली, पण पदवीधर डॉक्टर आणि शिकलेल्या सुईणी युद्धात मारल्या गेल्या होत्या किंवा देश सोडून गेल्या होत्या. नव्या तयार करणारी एकही संस्था शिल्लक नव्हती. हजारो घरांनी वेगवेगळे पाठवलेले पैसे कितीही मिळवले, तरी त्यांतून आपोआप नर्सिंगची एक शाळा उभी राहत नाही. त्यासाठी कोणीतरी तिथे ठाण मांडून बसावे लागते.

भिंतींच्या आधी परिचारिका

तसे ठाण मांडून बसणारी व्यक्ती म्हणजे एडना अदन इस्माईल. त्यांचा जन्म 1937 साली हर्गेसात झाला. वडील इंग्रजी आमदानीतले नावाजलेले वैद्यकीय कर्मचारी. लहानपणी एडना वडिलांबरोबर रुग्णालयात जाऊन हाताखाली काम करत. मुलींसाठी शाळा नव्हती म्हणून शिक्षणासाठी त्यांना जिबुतीला पाठवले गेले. पुढे शिष्यवृत्ती मिळवून त्या लंडनला परिचर्या आणि सुईणपण शिकल्या आणि 1961 साली परतल्या. इंग्लंडमध्ये शिकून आलेली ती पहिली सोमाली परिचारिका-सुईण. पुढे त्यांचे पती मोहम्मद इब्राहिम इगाल सोमालियाचे पंतप्रधान झाले. लष्करी उठाव झाला तेव्हा घराची वाताहत झाली. नंतर एडना जागतिक आरोग्य संघटनेत गेल्या आणि 1990 च्या दशकात जिबुतीत संघटनेच्या प्रतिनिधी होत्या. मधल्या काळात मोगादिशूत त्यांनी रुग्णालय बांधायला घेतले होते. ते यादवीत गेले.

निवृत्तीनंतर परदेशात आरामात राहणे त्यांना सहज शक्य होते. त्या हर्गेसाला आल्या. आयुष्यभराची पुंजी, निवृत्तिवेतन, दागिने, मोटार असे सगळे मोडून त्यांनी 1998 मध्ये प्रसूती रुग्णालयाचे बांधकाम सुरू केले. जागा मिळाली ती शहरातल्या उकिरड्याची. निम्म्यावर पैसे संपले आणि छपराशिवाय भिंती उभ्या राहिल्या. एका अमेरिकन वृत्तपत्रात त्यावर लेख आला. तो वाचून अमेरिकेतल्या काही सोमाली आणि बिगर-सोमाली मंडळींनी मदतीची संस्था काढली, छपरासाठी आणि साहित्यासाठी निधी जमवला. 9 मार्च 2002 रोजी रुग्णालय सुरू झाले.

या कथेत छप्पर सगळ्यांच्या लक्षात राहते. माझ्या मते महत्त्वाची गोष्ट त्याच्या दोन वर्षे आधी घडली. इमारत अर्धवट असतानाच एडनाबाईंनी परिचारिकांचा वर्ग सुरू केला. इमारत पूर्ण झाली तरी तिच्यात काम करायला माणसे मिळणार नाहीत, हे त्यांना ठाऊक होते. म्हणून भिंती वर येत असताना आत मुली शिकत होत्या. पुढे खेड्यांसाठी सुईणी तयार करण्याचा वेगळा वर्ग निघाला आणि त्यातूनच एक विद्यापीठ उभे राहिले. एक हजार सुईणी तयार करायच्या, हे त्यांनी ध्येय ठरवले.

या सुईणींकडे आणखी एक अवघड काम होते. सोमाली समाजात मुलींच्या गुप्तांगाची कापाकापी करण्याची रूढी जवळपास सार्वत्रिक होती. एडना स्वतः सात-आठ वर्षांच्या असताना, वडील परगावी गेलेले असताना, घरातल्या बायकांनी त्यांच्यावर ती लादली होती. वडील परतल्यावर संतापले, पण व्हायचे ते होऊन गेले होते. या रूढीमुळे बाळंतपणात होणारे हाल एडनांनी सुईण म्हणून पाहिले आणि 1976 पासून त्या उघडपणे तिच्याविरुद्ध बोलू लागल्या. परदेशातून आलेल्या पाहुण्याने हे सांगितले असते तर कोणी ऐकले नसते. गावातल्याच, बाळंतपण सुखरूप करणाऱ्या सुईणीने सांगितले तर ऐकणारे कान मिळतात. ही पत पैशाने मिळत नाही.

शिकवायला कोण येणार?

सुईणींच्या पाठोपाठ डॉक्टरांचा प्रश्न होता. बोरामा गावच्या वडीलधाऱ्यांनी आणि परदेशी गेलेल्या गाववाल्यांनी मिळून 1998 साली एका जुन्या माध्यमिक शाळेच्या आवारात अमूद विद्यापीठ सुरू केले. 2000 साली तिथे वैद्यकीय शाखा निघाली, पाठोपाठ हर्गेसा विद्यापीठातही निघाली. विद्यार्थी मिळाले, शिक्षक मिळेनात. त्याच साली लंडनच्या किंग्ज कॉलेजचे डॉक्टर, ‘ट्रॉपिकल हेल्थ अँड एज्युकेशन ट्रस्ट’च्या मदतीने, सोमालीलँडशी जोडले गेले. ते सुट्टी काढून येत, काही आठवडे शिकवत, परीक्षा घेऊन परत जात.

ही व्यवस्था नाजूक होती. ऑक्टोबर 2003 मध्ये बोरामात क्षयरुग्णालय चालवणाऱ्या ॲनालेना टोनेल्ली या इटालियन समाजसेविकेची गोळ्या घालून हत्या झाली. त्याच महिन्यात शेख गावात शाळा चालवणाऱ्या एका ब्रिटिश दांपत्यालाही मारले गेले. अशी घटना घडली की बाहेरच्या शिक्षकांचे येणे थांबे. त्यावर पुढे तोड निघाली ती इंटरनेटची. लंडनमधला डॉक्टर आणि हर्गेसातले विद्यार्थी ठरलेल्या वेळी संगणकावर बसत आणि एखाद्या रुग्णाची चर्चा लिहून करत. चित्रफीत चालेल इतका इंटरनेटचा वेग नव्हता. आपल्याकडे महासाथीत ऑनलाइन वर्ग आले त्याच्या दहा-बारा वर्षे आधी हे चालू होते. 2007 साली सोमालीलँडमध्ये शिकलेले पहिले डॉक्टर बाहेर पडले.

परदेशस्थ सोमाली डॉक्टर-परिचारिकांना थोड्या काळासाठी मायदेशी आणण्याचेही प्रयत्न झाले. ही कल्पना जुनी आहे. संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाने परदेशस्थ तज्ज्ञांमार्फत ज्ञान आणण्याची ‘टोकटेन’ योजना 1977 मध्ये तुर्कस्तानात प्रथम राबवली होती. सोमालीलँडपुरते पाहायचे तर आंतरराष्ट्रीय स्थलांतर संघटनेने फिनलंड सरकारच्या पैशाने तिथल्या सोमाली वंशाच्या आरोग्य कर्मचाऱ्यांना हर्गेसाच्या सरकारी रुग्णालयात पाठवले. हे तेच रुग्णालय, जे दुरुस्त केल्याबद्दल 1982 मध्ये माणसे तुरुंगात गेली होती. या पाहुण्यांच्या मदतीने तिथे नवजात बालकांचा विभाग उभा राहिला.

अशा योजनांत एक अडचण कायम असते. फिनलंडहून आलेल्या परिचारिकेचे मानधन आणि तिच्या शेजारी उभ्या असलेल्या स्थानिक परिचारिकेचा पगार यांत जमीन-अस्मानाचा फरक. भाषा एक, कुळ एक, काम एक; मोबदला मात्र वेगळा. पाहुणी सहा महिन्यांनी परत जाते आणि खाट सांभाळायला दुसरीच राहते. म्हणून या योजनांचे यश मोजायचे तर पाहुणे किती आले हे मोजून भागत नाही. पाहुणी गेल्यावर तो विभाग रात्रपाळीला कोण चालवते, हे पाहावे लागते.

नळाची चावी कोणाच्या हातात?

परदेशी पैशावर उभ्या राहिलेल्या सेवेचा आणखी एक धोका आहे. नळ आपला, पण चावी दुसऱ्याच्या हातात. नोव्हेंबर 2001 मध्ये अमेरिकेने दहशतवादाच्या संशयावरून ‘अल बरकात’ ही सोमाली हवाला कंपनी बंद पाडली आणि असंख्य घरांचे पैसे अडकले. 2013 मध्ये ब्रिटनच्या बार्कलेज बँकेने पैसे पाठवणाऱ्या कंपन्यांची खाती बंद करायचे ठरवले, त्यांत दहाबशीलही होती. लंडनच्या न्यायालयाने तात्पुरती स्थगिती दिली म्हणून वेळ निभावली. या दोन्ही निर्णयांत हर्गेसातल्या एखाद्या बाळंतिणीचा विचार कोणी केला असण्याचे कारण नव्हते.

पैसा कुठे गेला, याचाही हिशेब मांडायला हवा. परदेशस्थांच्या गुंतवणुकीतून निघालेली खासगी रुग्णालये बहुतेक हर्गेसासारख्या शहरांत आहेत आणि त्यांची फी भरण्याजोग्या लोकांसाठी आहेत. 2020 च्या आरोग्य पाहणीनुसार सोमालीलँडमध्ये एक लाख जिवंत जन्मांमागे सुमारे 396 मातांचा मृत्यू होतो. एके काळच्या भीषण स्थितीपेक्षा हे बरे असले, तरी आपल्याकडच्या प्रमाणाच्या कितीतरी पट अधिक आहे. या माता मुख्यतः शहरापासून दूरच्या आहेत. परदेशस्थ आपल्या आईच्या शस्त्रक्रियेसाठी पैसे पाठवतो, आपल्या गावासाठी रुग्णवाहिका पाठवतो. अनोळखी वस्तीतल्या लसीकरणासाठी दरमहा पैसे पाठवणे मायेच्या पलीकडचे आहे. ते काम कर गोळा करणाऱ्या सरकारचे आहे, आणि माया त्याची जागा घेऊ शकत नाही.

आपल्याकडचा ताळा

हा हिशेब आपल्याही वहीत ताडून पाहता येतो. सिंधुदुर्गातल्या गावांत चाकरमान्यांच्या आणि आखातातल्या पैशांवर चिरेबंदी घरे झाली, देवळांचे जीर्णोद्धार झाले. पण गंभीर रुग्ण वर्षानुवर्षे हद्द ओलांडून गोव्यात बांबोळीला न्यावा लागत आला. पैसा गावात होता, तज्ज्ञ डॉक्टर नव्हता.

उलट बाजूचे उदाहरणही आपल्याकडे आहे. रजनीकांत आणि मेबल आरोळे हे डॉक्टर दांपत्य अमेरिकेत शिकून आले आणि 1970 मध्ये जामखेडच्या दुष्काळी भागात बसले. अभय आणि राणी बंग जॉन्स हॉपकिन्समधून सार्वजनिक आरोग्य शिकून 1984 मध्ये परतले आणि गडचिरोलीला गेले. ही मंडळी परदेशात स्थायिक झालेली नव्हती, त्यामुळे तुलना तंतोतंत नाही. पण त्यांनी तिकडून जे आणले ते आणि एडनाबाईंनी आणले ते एकाच जातीचे होते. आरोळ्यांनी निरक्षर बायकांना गावाच्या आरोग्यसेविका केले. बंगांनी खेड्यातल्या आरोग्यदूतांना नवजात बाळाचा न्यूमोनिया ओळखायला शिकवले आणि त्यांच्या अभ्यासातील गावांत नवजात मृत्यूंचे प्रमाण 62 टक्क्यांनी घटले. अमेरिकेतल्या मराठी माणसांनी स्थापन केलेल्या महाराष्ट्र फाउंडेशनसारख्या संस्थेने इथल्या सामाजिक कामांना पैसा दिला, तोही कामी आला तो अशी माणसे आधीपासून इथे बसलेली होती म्हणूनच.

एडना अदन यांना 2023 साली टेम्पल्टन पुरस्कार मिळाला. तेव्हा त्या पंच्याऐंशी वर्षांच्या होत्या आणि रुग्णालयाच्या आवारातच राहत होत्या. त्यांच्या हाताखाली शिकलेल्या सुईणी आता इतर गावांत बाळंतपणे करतात. त्यांतल्या काहींना उद्या लंडनहून किंवा आखातातून नोकरीचे बोलावणे येईल, आणि त्या गेल्या तर त्यांना दोष देता येणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2010 मध्ये श्रीमंत देशांनी गरीब देशांतले आरोग्य कर्मचारी ओढून नेऊ नयेत अशी संहिता केली, पण ती बंधनकारक नाही. म्हणजे एका बाजूने पैसा आत येतो आणि दुसऱ्या बाजूने शिकलेली माणसे बाहेर जातात. परदेशस्थांना खरोखर काही करायचे असेल, तर त्यांनी नव्या इमारतीच्या कोनशिलेऐवजी दूरच्या वस्तीतल्या एका सुईणीचा दरमहाचा पगार आपल्या माथी घ्यावा. त्याच्यावर नाव कोरता येत नाही, उद्घाटनाची फीत कापता येत नाही. पण रात्री दोन वाजता दार वाजले तर ते उघडायला तिथे कोणीतरी असते.